पाचवे शील : कमी करावे की सोडावे?





आपण विहारात किंवा घरी तथागतांच्या प्रतिमेसमोर बसून त्रिसरण-पंचशील म्हणतो. पहिली चार शीले म्हणताना सर्वांचा आवाज खणखणीत असतो. पाचव्या शीलाला मात्र काहींचा आवाज बसतो. कोणी खाली पाहतो, कोणी नुसते ओठ हलवतो, आणि बायकांच्या रांगेत बसलेली त्याची घरधनीण समोर पाहत राहते. आदल्या रात्री घरात काय झाले ते तिला माहीत असते.

हा धडा त्या बसलेल्या आवाजासाठी आहे. रोज पिणारा, फक्त पगाराच्या दिवशी पिणारा, फक्त लग्नाकार्यात पिणारा, आणि स्वतः थेंब न घेता दुसऱ्याचे पिणे सोसणारी घरातली माणसे, या सर्वांनी तो वाचावा. कोणाला दोष देण्यासाठी तो लिहिलेला नाही. "मी कमी करावी की पूर्ण सोडावी?" हा प्रश्न ज्याच्या मनात एकदा तरी आला असेल, त्याला स्वतःचे उत्तर स्वतः शोधता यावे, एवढाच हेतू आहे.

शीलाचे शब्द काय सांगतात?

आपण पालि शब्द तोंडपाठ म्हणतो, पण अर्थ ठाऊक नसेल तर ते पोपटाचे बोलणे होईल. पाचव्या शीलात सुरा, मेरय आणि मज्ज असे तीन शब्द येतात. विनयपिटकात सुरा आणि मेरय यांचा खुलासा केलेला आहे. पीठ, भात यांसारख्या धान्याच्या पदार्थांपासून आंबवून केलेली ती सुरा. फुले, फळे, मध, गूळ यांपासून केलेले ते मेरय. मज्ज म्हणजे मद आणणारे, झिंग आणणारे पेय.

आता आपल्याकडच्या नेहमीच्या पळवाटा तपासून पाहा. एकजण म्हणतो, "मी दारू पीत नाही, फक्त बिअर घेतो." बिअर सातूच्या धान्याची, म्हणजे सुराच झाली. दुसरा म्हणतो, "वाइन ही द्राक्षाची, ती तब्येतीला चांगली." फळापासून झाली म्हणजे मेरय झाले. तिसरा म्हणतो, "आमची मोहाची, घरची, शुद्ध." मोहाचे फूल मेरयात बसते आणि हातभट्टीचा गूळही मेरयातच बसतो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनीही याच पळवाटा काढल्या असाव्यात, नाहीतर इतकी बारीक यादी करण्याचे कारण पडले नसते.

यानंतरचा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. तो म्हणजे पमादट्ठान. पमाद म्हणजे प्रमाद, बेसावधपणा. ठान म्हणजे जागा. जिथून बेसावधपणा सुरू होतो ती जागा. तथागतांनी महापरिनिर्वाणाच्या वेळी भिक्खूंना जो अखेरचा उपदेश केला त्यात अप्रमादाचा, म्हणजे सावध राहण्याचा आग्रह आहे. ज्या धम्माचा शेवटचा शब्द सावधपणा आहे, त्या धम्मात सावधपणा विकून टाकणाऱ्या वस्तूला जागा कशी असेल? बाकीची चार शीले मोडणारा माणूस पुष्कळदा पाचवे आधी मोडून आलेला असतो. शुद्धीवर असताना जो बायकोवर हात उचलणार नाही, तो प्याल्यावर उचलतो. शुद्धीवर असताना जो पोराच्या फीच्या पैशाला हात लावणार नाही, तो पिण्यासाठी लावतो आणि वर खोटे बोलतो.

शेवटी सिक्खापद हा शब्द आहे. सिक्खा म्हणजे शिक्षण. शील ही वरून आलेली आज्ञा नाही आणि ती मोडली म्हणून कोणी देव नरकात टाकणार नाही. मी हा नियम शिकण्यासाठी स्वीकारतो, असे आपण स्वतःच्या तोंडाने म्हणतो.

मग पिणाऱ्याने पंचशील म्हणावे की नाही?

हा प्रश्न पुष्कळ तरुण विचारतात. "गुरुजी, मी पितो. मग विहारात येऊन शील म्हणणे ढोंग नाही का? त्यापेक्षा न आलेलेच बरे."

मी शाळामास्तर आहे, म्हणून शाळेचेच उदाहरण देतो. पाढा चुकतो म्हणून मुलाने शाळा सोडावी काय? ज्याला पाढा येत नाही त्याच्यासाठीच शाळा आहे. पण रोज वर्गात यायचे, पाढा म्हणायचा आणि वर्षानुवर्षे त्याच ठिकाणी चुकायचे, चूक सुधारण्याचा प्रयत्नही करायचा नाही, हेसुद्धा शिक्षण नव्हे. म्हणून विहारात या, शील म्हणा, आणि पुढच्या वेळी म्हणाल तेव्हा मागच्यापेक्षा एक पाऊल पुढे असा.

विनयपिटकात सागत नावाच्या भिक्खूची कथा आहे. एका उग्र नागाला त्यांनी काबूत आणले, म्हणून त्यांची मोठी कीर्ती झाली. नागाचा भाग हवा तर बाजूला ठेवा, पुढचा पाहा. कोसंबीच्या उपासकांनी मोठ्या श्रद्धेने घरोघरी मद्य तयार ठेवले आणि भिक्षेला आलेल्या सागतांना प्रत्येक घरी आग्रह झाला. नगराबाहेर पडताना ते वेशीतच कोसळले. भिक्खूंनी त्यांना उचलून विहारात आणले आणि भगवंतांकडे डोके करून निजवले, तर ते वळून भगवंतांकडेच पाय करून झोपले. भगवंतांनी भिक्खूंना विचारले, हा पूर्वी माझ्याशी आदराने वागत होता ना? आता वागतो आहे काय? नागाला जिंकणारा हा, आता पाण्यातल्या साध्या सापाशी तरी झुंजू शकेल काय? आणि मग भिक्खूंसाठी मद्यपानाचा निषेध करणारा नियम घालून दिला.

या कथेतून दोन गोष्टी घ्या. एक, सागतांना संघातून हाकलले नाही. नियम केला आणि शिकवले. दुसरी, सागतांना पाजणारे वैरी नव्हते. ते प्रेमाने, मानाने पाजत होते. आपल्या भावकीत आणि मित्रांत आजही असेच चालते.

सिगालाला सांगितलेले सहा तोटे

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त हा गृहस्थांसाठी केलेला उपदेश आहे. राजगृहाच्या सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला तथागतांनी मद्यपानाचे सहा तोटे सांगितले. ते आजच्या घरात लावून पाहू.

१. डोळ्यांदेखत धनाचा नाश. हे गणित चौथीच्या मुलालाही येईल. रोजचे 100 रुपये धरा. महिन्याचे 3,000 आणि वर्षाचे 36,500. दहा वर्षांत 3 लाख 65 हजार. यात चखण्याचा खर्च, उधारी आणि बुडालेली रोजंदारी धरलेली नाही. याच सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी, एक अडचणीच्या दिवसांसाठी शिल्लक. आपल्या घरी या चारांतला कोणता भाग बाटलीत जातो? बहुधा शिल्लकेचाच. म्हणून दवाखान्याची वेळ आली की सावकाराचे दार ठोठवावे लागते.

२. भांडणाची वाढ. वेगळे सांगायला नको. शेजारच्या भिंतीला विचारा.

३. रोगांचे माहेरघर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 सालीच मद्याला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन, एवढ्या ठिकाणचे कर्करोग मद्याशी जोडलेले आहेत. "थोडी घेतली तर हृदयाला चांगली" असे पूर्वी सांगितले जाई. जानेवारी 2023 मध्ये याच जागतिक संघटनेने स्पष्ट केले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही. हातभट्टीची तर गोष्टच वेगळी. तिच्यात मिथेनॉल मिसळले गेले की डोळे जातात आणि जीवही जातो. जून 2015 मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात अशा दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. ती श्रीमंतांच्या बंगल्यातली नव्हती, कष्टकऱ्यांच्या वस्तीतली होती.

४. अपकीर्ती. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मानहानी सोसली त्याला अब्रूची किंमत सांगावी लागत नाही. पिणे सगळ्या जातींत आहे. पण बंगल्यात पिणारा "पार्टी करतो" आणि वस्तीत पिणारा "बेवडा" ठरतो. हा न्याय नाही हे खरे. पण आपल्याला नावे ठेवायला टपलेल्यांच्या हाती आपणच काठी का द्यावी?

५. लाज सुटणे. गटाराकाठी पडलेल्या बापाच्या अंगावर धोतर-पँट सारखी करणारा मुलगा तुम्ही पाहिला असेल. तो मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गात मान वर करत नाही. हे मी शिक्षक म्हणून सांगतो.

६. बुद्धीची दुर्बलता. हा तोटा शेवटी सांगितला आहे, पण आपल्या दृष्टीने तो सर्वांत मोठा. बाबासाहेबांनी आपल्याला शिक्षणाचा मार्ग दाखवला. ज्या बुद्धीच्या बळावर आपण गुलामगिरीतून वर आलो, तीच रोज रात्री बाटलीत बुडवायची काय?

आधी मोजा, मग ठरवा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. माझे पिणे कितपत आहे? प्रत्येक पिणारा सांगतो, "माझी लिमिट मला माहीत आहे." पण मोजलेले कोणी नसते.

एक वही घ्या. पंधरा दिवस, म्हणजे या पाक्षिकाचा पुढचा अंक येईपर्यंत, तिच्यात रोज चार गोष्टी लिहा. किती प्यालो, कोणाबरोबर, किती पैसे गेले आणि त्याआधी मनात काय होते. थकवा होता, राग होता, कोणी अपमान केला होता, की नुसती सवय होती? लिहिता येत नसेल तर मुलाकडून लिहून घेऊ नका. काड्या ओढा, खुणा करा, पण हिशेब स्वतः ठेवा.

मोजण्याचे माप असे. 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक माप धरतात. बाटलीवर टक्के छापलेले असतात. 42.8 टक्क्यांच्या दारूचा 30 मिलिलिटरचा छोटा पेग म्हणजे एक माप. त्याच दारूची 180 मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे सहा मापे. 650 मिलिलिटरची 8 टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे चार मापे. तेव्हा "मी फक्त दोन बिअर घेतो" म्हणणारा क्वार्टर पिणाऱ्यापेक्षा जास्त पितो. शरीराला एक माप निस्तरायला साधारण एक तास लागतो. रात्री अकरा वाजता क्वार्टर संपवली तर पहाटे पाचला रिक्षा, टेम्पो किंवा मशीन सुरू करताना ती अंगात असू शकते. लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ, कडक चहा यांनी ती लवकर उतरत नाही.

याबरोबर चार प्रश्न स्वतःला विचारा. डॉ. जॉन यूइंग यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेली ही चाचणी डॉक्टर आजही वापरतात.

आपण पिणे कमी केले पाहिजे, असे कधी मनात आले आहे काय?

पिण्यावरून कोणी बोलले की राग येतो काय?

पिण्याबद्दल मनाला कधी खंत वाटली आहे काय?

सकाळी उठल्याउठल्या, हात स्थिर व्हावेत किंवा डोके ताळ्यावर यावे म्हणून कधी घ्यावी लागली आहे काय?

दोन किंवा अधिक प्रश्नांना "होय" उत्तर आले तर दारूने आपल्यावर पकड बसवली असण्याचा संभव मोठा आहे. उत्तर कोणाला दाखवायचे नाही. म्हणून खोटे लिहिण्याचेही कारण नाही.

कमी करावी की बंद करावी?

शीलाच्या दृष्टीने उत्तर सरळ आहे. वेरमणी म्हणजे विरत होणे, परावृत्त होणे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्या लोकांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांतली सतरावी दारू न पिण्याची आहे. तिच्यात "थोडी" हा शब्द नाही. तेव्हा कमी पिणे म्हणजे शीलपालन, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

पण जिना चढणारा माणूस पहिल्या पायरीवर असतो तेव्हा तो खाली बसलेल्यापेक्षा वरच असतो. कमी करणे ही पायरी आहे, आणि पायरीवर कोणी बिऱ्हाड थाटत नाही. म्हणून कमी करणार असाल तर तीन अटी पाळा. पहिली, माप आधी ठरवा आणि घरच्यांना सांगा. दुसरी, आठवड्यात पूर्ण कोरडे दिवस ठरवा आणि ते वाढवत न्या. तिसरी, पूर्ण बंद करण्याची तारीख वहीत लिहा. ज्या कमी करण्याला शेवटची तारीख नाही, ते बहुधा चालू ठेवण्याचेच निमित्त असते.

काहींना कमी करण्याचा मार्ग खुलाच नाही. यकृताचा विकार, कावीळ, आम्लपित्ताने होणारी रक्ताची उलटी असे काही असेल, क्षयाचे औषध चालू असेल, बाई गरोदर असेल, तर थेंबही नको. ज्याने यापूर्वी दोन-तीनदा "आता एकच" असे ठरवले आणि पहिल्या पेगनंतर ठरवणे विसरला, त्यानेही कमी करण्याचा नाद सोडावा. अशा माणसाला पहिला पेग टाळणे हे चौथा टाळण्यापेक्षा सोपे जाते, कारण पहिल्याच्या वेळी डोके स्वतःचे असते.

येथे एक सावधगिरीची सूचना आहे, ती नीट वाचा. जो अनेक महिने, अनेक वर्षे रोज भरपूर पितो, ज्याचे हात सकाळी थरथरतात, त्याने जोशात येऊन एकदम बंद करू नये. डॉक्टरला दाखवून, औषध घेऊन बंद करावी. शरीराला सवय लागलेली असते. एकदम तोडल्यास पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी भास होणे, बडबडणे, ताप, घाम, माणसे न ओळखणे असे प्रकार होऊ शकतात. त्यावर उपचार न झाल्यास माणूस मरतो. आपल्याकडे याला "बाहेरचे लागले" म्हणून अंगारा-धुपारा करतात, पोतराज-मांत्रिक बोलावतात. आपण ते सर्व दीक्षेच्या दिवशीच मागे टाकले आहे. अशा वेळी रुग्णाला सरळ सरकारी रुग्णालयात न्यावे.

मदत मागण्यात कमीपणा नाही

दारूची सवय हा मनोबलाचा तसाच शरीराचाही प्रश्न आहे. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात यावर उपचार मिळतात. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची 14446 ही आणि मनाच्या त्रासासाठी 14416 ही मोफत फोनसेवा आहे. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांच्या प्रयत्नातून 1986 साली सुरू झाले आणि पुढे महाराष्ट्रातल्या असंख्य घरांना त्याचा आधार झाला.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही दारू सोडू इच्छिणाऱ्यांची 1935 साली अमेरिकेत सुरू झालेली संघटना आहे. तिच्या सभा आपल्याकडेही भरतात. तिथे पैसे लागत नाहीत, नाव सांगावे लागत नाही. तिच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो, म्हणून काही बौद्ध बांधव तिकडे जायला कचरतात. तेवढा शब्द बाजूला ठेवावा आणि तिथल्या माणसांचा अनुभव घ्यावा. "मी ईश्वर मानत नाही, म्हणून मी सभेला जात नाही" असे सांगत गुत्त्यावर बसणे, याला कोणी बुद्धिवाद म्हणणार नाही.

पाजणाऱ्यांचा आग्रह

पिणारे पुष्कळसे एकटे शिकत नाहीत. हळदीला, बारशाला, नव्या नोकरीच्या आनंदात आणि मयताच्या दुःखातही, कोणीतरी ग्लास पुढे करतो. "घे रे, एकाने काय होते!" न घेणाऱ्याला "मोठा साहेब झाला" असे टोमणे बसतात. सिगालोवाद सुत्तात खोट्या मित्रांची लक्षणे दिली आहेत, त्यांत पिण्यापुरता सोबती हे एक लक्षण आहे. तुमची नोकरी गेली, पोरगा दवाखान्यात पडला, तेव्हा या सोबत्यांतले किती आले होते, ते वहीत लिहून पाहा.

"सगळेच पितात" हेही खरे नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे 19 टक्के मद्य घेणारे आढळले. म्हणजे शंभरांतले ऐंशी पुरुष घेत नाहीत. न घेणारा एकटा नाही, तोच बहुसंख्य आहे.

नकार देताना भाषण करू नका. "मी सोडली" एवढे दोन शब्द पुरतात. ताटकळत उभे राहू नका, पंगतीला बसा आणि जेवून निघा. यजमान असाल तर आपल्या मांडवात बाटली येऊ देऊ नका. विशेषतः 14 एप्रिलची मिरवणूक आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन या दिवशी वर्गणीतला एक पैसाही तिकडे जाता कामा नये. ज्यांनी सतरावी प्रतिज्ञा दिली त्यांच्याच प्रतिमेपुढे झिंगून नाचणे याला कोणते नाव द्यायचे, ते तुम्हीच ठरवा. पूर्वी मरीआई-म्हसोबाच्या जत्रेत कोंबडे-बोकड आणि बाटली यांची जोडी असे. आपण देव्हारा काढला, पण बाटली मागे राहिली असेल तर अर्धेच घर स्वच्छ झाले.

"थकवा जातो" याचे काय?

हमाली करणारा, वीटभट्टीवर राबणारा भाऊ म्हणतो, "अंग ठणकते, घेतल्याशिवाय झोप येत नाही." त्याचे दुखणे खरे आहे. पण दारूने येणारी झोप पहिल्या प्रहराची असते. उत्तररात्री ती मोडते आणि सकाळी थकवा तसाच राहतो. उपाशीपोटी पिणाऱ्याचे जेवण कमी होते आणि अंगातली उरलीसुरली ताकदही जाते.

काही कामगार गटारात, मैल्याच्या टाकीत उतरण्यापूर्वी पितात, कारण शुद्धीत राहून तो वास सहन होत नाही. त्या भावाला नुसते शील सांगून आपले कर्तव्य संपत नाही. पिऊनच करता येते असे काम माणसाला करायला लावणे हाच मुळात अन्याय आहे. 2013 च्या कायद्याने गटारे आणि मैल्याच्या टाक्या अशा धोकादायक रीतीने माणसाकडून साफ करून घेण्यास बंदी आहे. त्याच्या हातातला ग्लास काढताना त्याला त्या टाकीतूनही बाहेर काढण्यासाठी आपण संघटितपणे उभे राहिले पाहिजे.

घरातल्या भगिनींना

तुमच्या नवऱ्याचे पिणे तुमच्यामुळे नाही. "तू कटकट करतेस म्हणून मी पितो" हे वाक्य मनावर घेऊ नका. तो नशेत असताना वाद घालू नका. सकाळी, शुद्धीवर असताना, थोडक्यात आणि ठामपणे बोला. त्याची उधारी तुम्ही फेडू नका, कामावर त्याच्यासाठी खोटा निरोप पाठवू नका. "रुग्णाला न सांगता दारू सोडवा" अशा जाहिरातींना भुलून जेवणात, चहात गुपचूप औषध घालू नका. दारू सोडवण्याच्या काही औषधांवर दारू प्यायल्यास जिवावर बेतते. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, त्याला सांगूनच द्यायची असतात.

आणि मारहाण सोसू नका. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने तुम्हाला संरक्षण दिले आहे. 181 हा महिलांच्या मदतीचा फोन आहे. नशा हे मारण्याचे कारण होऊ शकत नाही. शील सहनशीलता शिकवते, पण अन्याय गिळायला शिकवत नाही.

कायदा आणि शील

16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. त्याच चंद्रपूर जिल्ह्यात, महिलांच्या मोठ्या आंदोलनानंतर, 2015 साली दारूबंदी झाली आणि 2021 साली ती सरकारने उठवली. शेजारच्या गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे. गावातले दुकान बंद व्हावे म्हणून "आडव्या बाटली"ला मत देणाऱ्या भगिनींचा आपण मान राखला पाहिजे, त्यांच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. पण यातून एक धडा घ्यावा. सरकारने दिलेली बंदी सरकार काढून घेऊ शकते. आपण स्वतः स्वीकारलेले शील कोणतेही मंत्रिमंडळ रद्द करू शकत नाही. दुकान उघडे असताना जो समोरून सरळ घरी जातो, त्यानेच शील कमावले.

आणि एखाद्या दिवशी पाऊल घसरले तर? तर "आता गेलेच सगळे" म्हणून पुन्हा रोजचे सुरू करू नका. घसरलेला माणूस उठून कपडे झटकतो, चिखलातच घर बांधत नाही. वहीत तारीख लिहा, कारण लिहा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शील घ्या. शील पुन्हापुन्हा घेता येते, म्हणूनच तर आपण ते दरवेळी म्हणतो.

स्वाध्याय

घरात सर्वांनी एकत्र बसून हे प्रश्न सोडवावेत.

१. सुरा आणि मेरय यांत फरक काय? आपल्या गावात मिळणारी पेये कोणत्या प्रकारात बसतात?

२. सिगालाला सांगितलेल्या सहा तोट्यांपैकी कोणता आपल्या घराने भोगला आहे?

३. गेल्या वर्षभरात दारूवर गेलेल्या पैशांचा हिशेब करा. तेवढ्या पैशांत काय झाले असते, ते मुलांना सांगू द्या. मध्ये बोलू नका.

४. कोरडे दिवस कोणते, पूर्ण बंद करण्याची तारीख कोणती, हे ठरवून वहीवर लिहा आणि खाली घरातल्या एकाची सही घ्या.

पुढच्या पौर्णिमेला विहारात या. पाचवे शील म्हणताना आवाज कसा निघतो, ते तुमचे तुम्हालाच ऐकू येईल.

जय भीम!